अशोकनं शांताबाईंना टायटल दिलं

आमच्या मल्हारगंजच्या गल्लीत अशोकला सगळे भितात, पण फक्त रंगपंचमी जवळ आली की. एरवी तो सियागंजात किराण्याच्या दुकानावर पुड्या बांधतो, मान खाली, बोलणं कमी. रंगपंचमीच्या संध्याकाळी मात्र एकेकाला टायटल देतो, दोन ओळींत सोलून काढतो. आपण समोर बसून ऐकायचं आणि हसायचं. ज्या घरातलं माणूस वर्षात गेलं, ते घर तेवढं सोडायचं, ही रीत.

यंदा ते घर शांताबाईंचं. दिवाळीत त्यांचे यजमान, नानासाहेब, गेले. तेव्हापासून बाई कुणात येईनात, आणि आम्हीही त्यांच्याशी दवाखान्यात बोलावं तसं हळू बोलायचो.

तर या अशोकला मी त्यांच्या मागच्या दारानं निघताना पाहिलं. एकदा नाही, दोनदा.

"काय रे, इकडे कुठे?"

"जिरं द्यायला आलो होतो, आजी."

जिऱ्याला मागचं दार कशाला? आणि वर ओठ दाबून हसत होता. माझ्या मनात पाल चुकचुकली. एकट्या बाईच्या घरातलं काहीबाही उचलून हा चारचौघांत वाचणार.

मी दुसरी शिकलेली. नातीला, पूर्वाला विचारलं, हे जे हा करतो त्याला पुस्तकात काय म्हणतात?

"विडंबन. संस्कृतात त्याचा अर्थ आधी नुसती नक्कल, आजी. मग नक्कल करून हसणं. और सुनो, आपली विटंबना पण तिथूनच आली."

"म्हणजे एका आईच्या लेकी."

"हां, तसंच समज."

"मग थोरलीला बोलावलं की धाकटी मागोमाग येणारच."

रंगपंचमीला शांताबाई चक्क येऊन पुढे बसल्या. मी त्यांना चिकटून बसले, वेळ आलीच तर हाताला धरून घरी न्यायला. सगळ्यांचं झालं आणि अशोक म्हणाला, "आता शांताकाकू."

मी बाईंचा हात धरला.

"नानांची खुर्ची, नानांचा चष्मा, खाकरणंही तसंच,
पेपर मात्र उलटा धरून राज्य चालवतात असंच."

कुणी हसेना. मी उठतच होते, तेवढ्यात बाई खाकरल्या, हुबेहूब नानासाहेब. "उलटा नव्हता रे मेल्या, आडवा होता."

मग गल्ली जी हसली. बाईही हसल्या, पदर डोळ्याला लावून.

घरी जाताना मी विचारलं, बंद दारामागचा चष्मा अशोकला कसा दिसला?

"मीच दाखवला. तो म्हणे, वर्षाच्या आत रीत नाही, काकू. दोनदा बोलावलं तेव्हा कबूल झाला. तुम्ही सगळे माझ्याशी फुंकून फुंकून बोलता, कंटाळले होते मी."

माझा अशोकवरचा संशय गेला. पण त्याच संध्याकाळी त्यानं मला दिलेलं टायटल होतं, 'वर तांदूळ, खाली शेव, डॉक्टरला सांगू नका देव.' ती शेव मी कुठे लपवते, हे शांताबाईंशिवाय कुणालाच माहीत नाही.