धुतलेला कार्बन

मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि तिचे चार गोल्डफिश माझ्या गळ्यात पडले. जाताना तिनं तीनदा बजावलं होतं, "बाबा, फिल्टरमधला कार्बन दर महिन्याले फेकून देजा, नवीन टाकजा. धुऊन वापरू नका." मी मान डोलावली. पण दिसायला साधा कोळसा, तो दर महिन्याला फेकायचा हे मला काही पटेना. आमच्या घरात दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन वाळत घालतात.

दिवाळीच्या तोंडावर मी तो कार्बन नळाखाली चोळून धुतला आणि पिपरी मेघेच्या आमच्या गच्चीवर निळ्या प्लॅस्टिकच्या घमेल्यात दोन दिवस वाळवला. धाकट्या भावानं समुद्रपूरहून वांगी भरून आणलेलं ते घमेलं इथंच राहिलं होतं. शनिवारी सकाळी कार्बन फिल्टरमध्ये भरला आणि स्वतःवरच खूश होऊन चहा प्यायलो. दुपारी पाहतो तर चारही मासे उलटे तरंगत होते. मी हादरलो. सकाळीच माझ्या बोटाकडे धावत आले होते ते.

मासेवाल्या दुकानदाराला फोन केला. त्यानं माझी बरीच उलटतपासणी घेतली आणि शेवटी विचारलं, वाळवला कशात? तेव्हा मी भावाला फोन लावला.

"दादा, त्या घमेल्यात तर मी कपाशीच्या फवारणीचं औषध कालवत होतो," तो म्हणाला. "तुले सांगाचं राहूनच गेलं. काऊन, काय झालं?"

फोन स्पीकरवर होता; शेजारी उभ्या बायकोनं ऐकलं आणि ती चकल्यांच्या डब्याकडे धावली. चकलीच्या भाजणीचे तांदूळ आणि डाळी तिनं आठवड्यापूर्वी त्याच घमेल्यात धुतल्या होत्या. परीक्षेमुळे मुलगी दिवाळीला येणार नव्हती, म्हणून पहिल्या घाण्याचा डबा कुरियरनं पुण्याला गेला होता. नैवेद्य व्हायचा म्हणून घरात अजून कुणी एक तुकडाही चाखला नव्हता.

मी लगेच मुलीला फोन लावला. तिनं नेहमीसारखं आधी विचारलं, "मासे कसे हायेत, बाबा?"

"चकल्यांचा डबा आला का?"

"आत्ताच आला. उघडूनच राह्यली."

"तोंडात टाकू नको," मी म्हणालो. "मासे मेले."

या दोन गोष्टींचा संबंध तिला कळेना. तो सांगता सांगता मला रडू कोसळलं. मासे जगले असते, तर मी तो फोन केलाच नसता.