माळढोक कोणी पाहिला

मे महिन्यात वाळवंटात कोणी जात नाही, हे मला पनवेल स्टेशनवरच्या रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांनी सांगून झालं होतं. पण मी शाळेत शिकवते, मोठी सुट्टी मिळते ती उन्हाळ्यातच, आणि बाबांना काचबिंदू झाला आहे. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसणं गेलंच आहे, मधलं किती टिकेल ते सांगता येत नाही. हिवाळ्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

बाबांचं आयुष्य मिठागरात आणि खाडीकाठच्या शेतात गेलं. दोन्हीवर आता इमारती आहेत. खाडीवर उतरणारा प्रत्येक पक्षी त्यांच्या ओळखीचा. एकदा टीव्हीवर त्यांनी राजस्थानातला माळढोक पाहिला आणि तो त्यांच्या डोक्यात जाऊन बसला. "एवरा मोठा पक्षी, पान्याबिगर जगतो कसा? मना एकदा बघाचा हाय," असं ते चार वर्षं म्हणत होते आणि चार वर्षं मी "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणत होते. डॉक्टरांचं ऐकल्यावर ते माझं मलाच लागलं, आणि मी हट्टाला पेटले.

नवऱ्याला आठवडाभराची रजा मिळाली होती. "रोडपालीतून निघायचं, पळस्प्याला दक्षिणेकडे वळायचं, संध्याकाळी समुद्रात पाय," तो म्हणाला. "सगळं जग तिकडे जातं आणि आपण बाराशे किलोमीटर उलटे." त्याचं चूक नव्हतं, पण सुरतेपर्यंत त्याने ते चार वेळा म्हटलं.

निघायलाच एक दिवस उशीर झाला, कारण आईने कॅलेंडरात अमावास्या पाहिली. मग डिकी उघडून बघते तर आमच्या बॅगा मागच्या सीटवर आणि डिकीत बारा नारळ, तांदळाची पिशवी, ब्लाउजपीसचा गठ्ठा. माझ्या माहेरची रीत आहे. ज्या घरी रात्र काढली, त्या घरच्या बाईची ओटी भरल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मी विचारलं, "हॉटेलात कोणाची ओटी भरणार आहेस?"

"म्हनून हॉटेलात उतरायचाच नाय," आई म्हणाली.

त्यामुळे वापीला चुलतभाऊ, अहमदाबादला मावसबहीण. प्रत्येक ठिकाणी जेवण, आग्रह, फोटो, ओटी, आणि ओटी भरली म्हणून पुन्हा खाणं. वर बाबा पुढच्या सीटवर खिडकी उघडी टाकून बसलेले. "एसीनं डोले सुकतात," म्हणायचे. आत येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा होता. मी घाम पुसत रजेचे दिवस मोजत होते. जैसलमेरच्या पुढे अभयारण्यालगतच्या वस्तीत पोहोचलो, तेव्हा आमच्या हातात फक्त एक सकाळ उरली होती. तिथून थेट परत फिरायचं होतं.

तिथल्या वनरक्षकाने आदल्या संध्याकाळी बजावून सांगितलं, साडेपाचला फाटकावर या. आठ वाजले की जमिनीवरून अशा झळा उठतात की पक्षी समोर असला तरी डोळ्यांत ठरत नाही.

पाच वाजता आम्ही तयार होतो. बाबा तर गाडीत बसलेही होते, गळ्यात माझ्या मैत्रिणीची दुर्बीण घालून. आणि आई ताट घेऊन, जिच्या घरी रात्र काढली त्या घरमालकिणीसमोर उभी. त्या बिचारीला काही कळेना. ओढणीचा पदर पसरायचा आहे, हे आईने खाणाखुणांनी समजावलं. तेवढ्यात शेजारच्या दोघी आल्या, मग एक म्हातारी आली. समोर उभ्या बाईला रिकामी कशी पाठवायची, म्हणून आईने आणखी नारळ मागवले. वर त्या चौघी आईला सोडेनात. ताक प्या, बाजरीची भाकरी खा, पुन्हा ताक प्या. मी दारातून ओरडले, "आई, बाबांचे डोळे महत्त्वाचे की तुझे नारळ?"

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हातारीची ओटी तिने शांतपणे पुरी केली.

आत शिरलो तेव्हा आठ वाजून गेले होते. वनरक्षकाचं तोंड बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्ध्या तासाने त्याने हाताने थांबा म्हटलं आणि दूर एका झुडपाकडे बोट केलं. मी बाबांना उतरवलं, दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावली, चकती फिरवली. "डावीकडे. नाही, खाली. बाबा, माझ्या बोटाकडे बघा." त्यांची मान भलतीकडेच जायची. मी ती दोन्ही हातांनी धरून वळवत होते, लहान मुलावर चिडावं तशी चिडत होते.

"गेला," वनरक्षक हळूच म्हणाला.

"बाबा, दिसला ना?" नवऱ्याने विचारलं.

"दिसला, दिसला," मीच उत्तर दिलं.

बाबांनी दुर्बीण खाली केली. "खोटा कशाला बोलतंस, बाय? मना नाय दिसला. नुसता ऊन दिसला." दुर्बीण गळ्यातून काढून माझ्याकडे देत म्हणाले, "तुना दिसला ना? मग सांग, कसा व्हता."

 त्या सगळ्या वेळात मी त्यांचे डोळे बघत होते, चकती बघत होते, घड्याळ बघत होते. झुडपाकडे एकदाही नजर टाकली नव्हती. नवऱ्याने मोबाइल पुढे केला. त्यात पांढऱ्या उजेडाशिवाय काही नव्हतं.

"मी बघला," मागून आई म्हणाली. गाडीला टेकून, डोक्यावर पदर घेऊन ती उभी होती. ती पुढे आली आणि बाबांच्या समोर जाऊन थांबली. "मान लांब, पांढरी. डोक्यावर काली टोपी. अशी मान वर करून चालतो. एक पाय टाकतो, थांबतो, बघतो, मंग दुसरा टाकतो."

"थांबतो म्हंजे किती?"

आईने साडी जरा वर धरली आणि त्या तापल्या वाळूत चालून दाखवलं. एक पाऊल, थांबणं, मान वळवून बघणं, दुसरं पाऊल. बाबा टक लावून बघत होते. ती दोन-चार पावलांवरच होती, आणि त्यांना ती नीट दिसत होती. "आजून एकदा," ते म्हणाले.

ती पुन्हा चालली. मी दुर्बीण हातात घेऊन उभी होते. मला रडू येत होतं आणि राग अजून गेला नव्हता, फक्त आता तो आईवर काढता येत नव्हता.