तीन ब्लेडांची फट

दिव्यानीची गाडी जंगलात बंद पडेल, या भीतीने ललिताबाईंना तीन दिवस काही सुचत नव्हतं. भाजीत मीठ दोनदा पडलं, गॅसवरचं दूध तीनदा उतू गेलं. बरं, गाडी तरी पोरीची स्वतःची असावी? ती होती धानोऱ्यापलीकडच्या चैतूभाऊंची, पंचेचाळीस वर्षांची म्हातारी राजदूत मोटारसायकल. इंजिन नव्याने बांधून शनिवारी ती चामोर्शीहून सत्तर किलोमीटर चालवत न्यायची, आणि नेणार कोण, तर दिव्यानी. एकटी. वाटेत दुतर्फा साग आणि वाघाच्या पाट्या.

दिव्यानी ही ललिताबाईंची एकुलती एक. नागभीडच्या घरात सहाव्या वर्षी तिने मिक्सर उघडला होता आणि परत जोडल्यावर दोन स्क्रू उरले होते. मिक्सर मात्र पहिल्यापेक्षा जोरात फिरू लागला. तेव्हापासून घरात काही बिघडलं की रेल्वेच्या नोकरीवरून दमून आलेले तिचे वडील धनराजराव म्हणायचे, "थांबा, आपली मिस्त्रीण शाळेतून येऊ द्या." मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, बरोबरीची मुलं पुण्याच्या कंपन्यांत गेली आणि हिने चामोर्शीच्या बाजाराजवळ गाड्या दुरुस्तीसाठी टिनाचं शेड घेतलं. पहिले सहा महिने गिऱ्हाईक यायचं, आत डोकावायचं आणि विचारायचं, "मिस्त्री कुठी हाय?" ही ग्रीस लागलेला हात वर करायची. काही जण हसून परत जायचे. आता तेच लोक झाडाखाली नंबर लावून बसतात आणि ती इंजिनांना सासूसारखी बोलते ते ऐकत राहतात.

चैतूभाऊंची अडचण साधी होती. नात कमला हिचं लग्न रविवारी होतं, आणि त्यांच्यात नवरीला वऱ्हाडासकट नवरदेवाच्या गावी न्यायची रीत. सोनीबाई, म्हणजे चैतूभाऊंची बायको, याच राजदूतवर बसून या घरात आली होती. दोन्ही मुली याच गाडीवर सासरी गेल्या. कमलाने सांगून टाकलं होतं, "मी राजदूतवर जाईन, नाईतर जाणारच नाई." आणि राजदूत गेले चार महिने किक मारून मारून चैतूभाऊंचा गुडघा सुजला तरी ढिम्म होती.

शुक्रवारी ललिताबाईंनी गोळाभाताचा डबा भरला आणि एसटी पकडली. शेडमध्ये पोचल्या तेव्हा इंजिन पोट उघडून पडलं होतं, चैतूभाऊ खोक्यावर बसले होते आणि सुट्या भागांच्या दुकानाचा विक्की दोन पुड्या नाचवत दिव्यानीच्या डोक्यावर उभा होता. एका पुडीत पिस्टनच्या मूळ मापाच्या रिंगा होत्या, दुसरीत अर्धा मिलिमीटर मोठ्या.

"मोठीच टाक," विक्की म्हणाला. "एवढी जुनी गाडी, सिलिंडर घासून घासून विहीर झाली असंन. टोकं थोडी कानशीनं घास न बसव. चंद्रपूरले सिलिंडर आतून मोठा कराले, बोअर कराले पाठवशील तं सोमवार उजाडते."

"कानस मारून रिंग बसवाची म्हणजे चप्पल लहान म्हणून पायाची टाच कापाची," दिव्यानी म्हणाली. "जंगलात रिंग तुटली तं तू येशील उचलाले?"

ललिताबाई डबा हातात घेऊनच पुढे सरकल्या. "तुटते म्हणजे काय होते?"

दिव्यानीने आईला समजावलं. रिंग पूर्ण गोल नसते, दोन टोकांत बारीक फट असते. सिलिंडर झिजला की फट रुंदावते आणि गाडीचा दम जातो. फट फारच कमी ठेवली तर तापलेली रिंग फुगून अडकते आणि इंजिन जागीच जाम. "मी मूळ मापाची रिंग आत टाकून फट मोजली. बरोबर आली. पण पंचेचाळीस वर्षांत सिलिंडर झिजला नाई, हे मलेच पटून नाई राह्यलं. फट मोजाच्या माह्या गेजच्या पट्ट्या गंजल्या हाय, त्यातच खोट असंन."

ललिताबाईंनी पदर खोचला. बी.एस्सी.ला असताना त्यांनी प्रयोगशाळेत स्क्रू गेज घेऊन काय काय मोजलं होतं. केस, कागद, आणि एकदा सरांची नजर चुकवून दाढीचं ब्लेड. "एक ब्लेड म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग," त्या म्हणाल्या. "नवीन ब्लेडं आणा."

विक्की चक्क पळत गेला.

दिव्यानीने रिंग सिलिंडरच्या वरच्या तोंडाशी ठेवली आणि पिस्टनच्या डोक्याने सरळ आत ढकलली. ललिताबाईंनी श्वास रोखून फटीत ब्लेड सरकवलं. एक गेलं. दुसरं त्याला चिकटून गेलं. तिसरं जरा कुरकुरत गेलं. चौथं काही केल्या जाईना. मग रिंग मधे ढकलली, तिथेही तीन. तळाशीही तीन.

"वरपासून खालपर्यंत सारखी, न पाहिजे तेवढीच," दिव्यानी हळूच म्हणाली. "चैतूभाऊ, हा सिलिंडर झिजलाच नाई. मंग गाडीचा दम काऊन गेला? आणि जुन्या रिंगा खाचेत अशा चिकटल्या होत्या, डिंक लावल्यावानी. या गाडीले पेट्रोलमंदीच तेल मिसळा लागते, तुमी कोनतं टाकता?"

चैतूभाऊंनी खोक्यावर जरा जागा बदलली. "दुकानचं टाकत होतो पहिले."

"आणि मंग?"

"मंग आपलं घरचं."

"घरचं म्हणजे?"

"टोळीचं. मोहाच्या बियांचं," चैतूभाऊ म्हणाले. "आमी खातो ते, अंगाले लावतो, दिवा लावतो. सोनी घाण्यावरून आणते. माणसाले चालते, तं गाडीले का विष हाय? जरा जास्तच टाकतो, जुनं हाड हाय म्हणून."

दिव्यानीने एक जुनी रिंग उचलून नाकाशी नेली.

"तरीच," दिव्यानी म्हणाली. "मागच्या साली तुमी आले होते तं अख्ख्या बाजारात वडे तळल्याचा वास सुटला होता."

"गावची कुत्री मागं धावतेत," चैतूभाऊंनी शांतपणे सांगितलं. "मले वाटे, गाडी ओळखतेत."

आधी विक्कीला हसू फुटलं. मग दिव्यानी पाना धरून खाली बसली आणि ललिताबाईंना हसू इतकं आवरेना की चैतूभाऊंनीच त्यांच्या हातातली ब्लेडं काढून घेतली. हसता हसता दिव्यानीने हिशेब जुळवला. जास्तीच्या तेलाने सिलिंडर सांभाळला असावा आणि त्याच तेलाच्या राळेने रिंगा खाचेत जखडल्या असाव्यात. रिंगा उघडेचनात, मग दम कुठून येणार? खाचा तिने कालच खरवडून साफ केल्या होत्या. मूळ मापाच्या रिंगा इंजिनात आणि विक्कीच्या मोठ्या रिंगा विक्कीच्या खिशात गेल्या.

"आता दुकानचं तेल," तिने चैतूभाऊंना बजावलं.

"टाकतो. पण कुत्र्याइले काय सांगू?"

चार वाजता राजदूत तिसऱ्या किकला उठली. टिन खणखणलं, झाडाखालची माणसं उभी राहिली, आणि धुराला या वेळी फक्त धुराचाच वास होता. चैतूभाऊंनी टाकीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग "जोहार बाई" म्हणून ते धानोऱ्याच्या बसकडे निघाले.

"नव्या रिंगा हाय, पहिले मलेच चालवून पाहा लागते," दिव्यानी आईला सांगत होती. "उद्या चाळीसच्या वर नाई न्यायची, दर दहा किलोमीटरवर सावलीत थांबाचं, थंड करून पुढं. तू पाचची बस पकड, आई."

दर दहा किलोमीटरवर. सावलीत. ललिताबाईंना त्या सावल्या एकेक करून दिसल्या आणि प्रत्येक सावलीत काहीतरी पट्ट्यापट्ट्याचं बसलेलं दिसलं.

"रविवारी या गाडीवर किती जण बसतीन?" त्यांनी विचारलं.

"दोघं. चैतूभाऊ न कमला."

"मंग उद्या एकटीनं चालवून काय समजन तुले? दोघांचं वजन पाहिजे ना परीक्षेले."

दिव्यानी बघतच राहिली. "आई, तू स्कूटीवर डोळे मिटून बसतेस."

"इथी पन मिटीन. फट मी मोजली, दिव्यानी. माह्या तीन ब्लेडांवर तू जंगलात जाशील न मी घरी खिडकीत बसू?"

भीती गेलेली नव्हती, पण आता तिला कोणी गुदगुल्या करत असल्यासारखं होत होतं. पाचची बस बाजारातून भोंगा वाजवत निघून गेली. ललिताबाईंनी हाताचं ग्रीस पदराला पुसलं आणि पर्समधून फोन काढला. धनराजरावांना सांगायला हवं होतं की दोन दिवस भात तुम्हीच लावा, तुमची बायको राजदूतवर धानोऱ्याला चालली आहे.