भाकरी मोडल्याचा राग

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. ज्या शाळेने मला घडवलं तिचे उपकार मी आजही मानतो. म्हणून मुलगी झाली तेव्हाच ठरवलं, हिच्या कानावर फक्त पुस्तकी मराठी पडेल. कॉलेजात पहिल्याच तासाला मी उभं राहून ‘आहे’ऐवजी घरच्या अहिराणीतलं ‘शे’ म्हणालो होतो आणि अख्खा वर्ग हसला होता. तिच्यावर ती वेळ नको. आईला मी नम्रपणे सांगितलं, “नातीशी अहिराणी बोलू नकोस.” आईला दुसरी भाषा येत नव्हती. ती नातीला मुकाट्याने मांडीवर घेऊ लागली.

चार महिन्यांच्या मुलीच्या हातातून खुळखुळा काढला की ती लालबुंद व्हायची, पाय झाडायची. हा राग नैसर्गिक आहे, बाळाशी शांतपणे बोलावं, असं मी एका पुस्तकात वाचलं होतं. झोळीजवळ उभा राहून मी बोललो. तिने झोळी ओली केली.

ती दोन वर्षांची झाली. प्रकाशा गावाजवळच्या आमच्या घरी एका दुपारी मी प्रेमाने तिच्या भाकरीचे चार तुकडे केले. तिला ती अख्खी हवी होती. तिने ताटली भिरकावली आणि जमिनीवर लोळण घेतली.

मी उकिडवा बसलो. “बाळा, तुझी निराशा मी समजू शकतो. परंतु मोडलेली भाकरी पूर्ववत करणे शक्य नाही.”

‘परंतु’ला तिने सूर चढवला. मी ‘तथापि’वर आलो.

चुलीपाशी बसलेली बायको म्हणाली, “अहो, अर्ज लिहिताय का?”

दुसरी, अख्खी भाकरी दिली. तीही नको. मोडलेलीच अख्खी हवी. अर्धा तास गेला. मग आई उठली आणि माझ्याकडे न बघता नातीशेजारी फरशीवर बसली.

“मोडी गयी ना तुन्ही भाकर?”

रडणं अडखळलं.

“माले बी राग येस. दोन वरीस व्हई गयात, तोंड बांधीसन बठेल शे मी.”

मुलीने नाक पुसलं. “तू बी रडस?”

हे ती कुठे शिकली, ते विचारायची मला हिंमत झाली नाही. फोनवर मी गावच्या मित्रांशी काय बोलतो, ते घरात सगळ्यांना ऐकू जातं.

“रडस ना. तुन्हा बापमुये.”

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मी घसा साफ केला. “आई, बोलत जा तिच्याशी. माझी हरकत नाही.”

“आते तुले कोन इचारस, भाऊ!” आई म्हणाली.