मधल्या सुट्टीचा पहारा

पडदा वर जाऊ द्या. मागे मातीच्या भिंतींची शाळा, उजवीकडे सिद्रामप्पांचं भुसाराचं दुकान. काळ निजामाचा, बहुधा बेचाळीस साल. गाव ताडकळसच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, ह्या गोष्टीतल्या घरांची माणसं अजून तिथं नांदतात. दुकानाच्या पायरीवर पांढरा रुमाल बांधून, एक डोळा बारीक करून बसलेत ते सिद्रामप्पा. मी आयुष्यभर राजे, राक्षस, संशयी नवरे रंगवले. पण असा डोळा मला कधी बारीक करता आला नाही.

साऱ्या गावावर त्यांचा शक. गुळाची ढेप बाहेरून चाखत नसत, आतून कोरून बघत. पाहुणा "सहज आलो" म्हणाला, की त्याच्या जोड्यांवरची धूळ न्याहाळीत. कुठल्या रस्त्यानं आला ते कळावं म्हणून. सरकारी मदरशात शिकवणं उर्दूत, म्हणून गावानं ही मराठीची खानगी शाळा काढलेली. तिच्या चार पंचांत हे एक. जागा आबासाहेबांची, त्यामुळे थोरले पंच ते. माझी नाटक कंपनी बुडाली होती; मी गावी येऊन शाळेच्या नाटकाची तालीम घेत होतो.

एका सकाळी मल्लम्मा आपल्या लेकाला, महालिंगला, दंडाला धरून दुकानात घेऊन आली. मीही तिथंच होतो.

"अप्पा, ह्यानं कालपासून दाणा खाल्ला न्हाई. शाळंचं नाव काढलं की रडायलाय. बास झालं शिकणं. उद्यापासून म्हशी राखील."

सिद्रामप्पांनी पोराच्या सदऱ्याची गुंडी काढली. गळा मोकळा! मल्लम्मानं तोंडावर पदर धरला. सिद्रामप्पांचं आणि मल्लम्माचं, दोन्ही लिंगायतांची घरं. गळ्यातलं, चांदीच्या डबीतलं लिंग गेलं, की ते सापडेपर्यंत किंवा जंगमांनी, म्हणजे त्यांच्या गुरूंनी, नवं बांधेपर्यंत तोंडात घास घालायचा नाही, ही तिथली लहानपणापासूनची शिकवण.

"विहिरीत पडलं," महालिंग पुटपुटला.

"पडलं? मंग मानंवर हा वळ कशाचा रे? कुणीतरी दोरा हिसकलाय. मल्लम्मा, सांजच्यापर्यंत थांब. मंग तुझं तू ठरव."

आणि पहिला संशय कुणावर? माझ्यावर! "पोरं तुमच्या तालमीत असत्यात. पेटी उघडा." पेटीतून दाढ्या निघाल्या, मिशा निघाल्या, एक फाटकी जटा निघाली. त्यांनी एकेक दाढी झटकून पाहिली. "नाटकवाल्याचा काय भरवसा," म्हणाले. पण सगळं होतं तसं नीट लावून दिलं.

मग मास्तर. "पोरांची मस्करी असते अप्पा, पंचांनी त्यात कशाला पडायचं?"

"कुणाला भ्यायलाव मास्तर?"

मास्तर फळा पुसत राहिले. फळा आधीच स्वच्छ होता.

सांजेला आबासाहेबांच्या ओसरीवर पंच बसले. सिद्रामप्पांनी महालिंगला आणि मलाही सोबत नेलं. आबासाहेबांचा बन्सीधर, महालिंगच्याच वर्गातला पण डोईभर उंच, परातीतून शेंगा-गूळ वाटत होता. महालिंगनं हात मागे घेतला.

आबासाहेब तापले. "कामून रे? आमच्या घरचा गूळबी चालत न्हाई का? सिद्रामप्पा, तुमीच शिकवून आणलाव ह्याला. शाळा तुमच्या जातीची करायचा बेत दिसायलाय."

"मी खायलोय की," शेंग फोडत सिद्रामप्पा म्हणाले. "माझ्या गळ्यात लिंग हाय. ह्याचं कुणीतरी हिसकलंय. ते मिळंस्तोवर हे लेकरू उपाशी पडून राहील, पण खाणार न्हाई."

बन्सीधरच्या हातातली परात कलली. "उपाशी? मी रोज ह्याची टोपी हिसकतो, काल डबी हिसकली. मला वाटलं नुसती चांदीची डबी हाय! महालिंग, कालपासून जेवला न्हाईस व्हय रे?"

रंगभूमीवर अशा जागी मी टाळ्या घेतल्या असत्या. तिथं बन्सीधर परात खाली ठेवून गोठ्याकडे धावला.

गोठ्याच्या वळचणीतून डबी निघाली. आबासाहेबांनी लेकावर हात उगारला, तो सिद्रामप्पांनी वरच्या वर धरला.

"मारू नका. तुमी ह्याला हाणा, उद्या हा त्याला एकट्याला गाठील. त्यापरीस मधल्या सुट्टीत रोज एक पंच शाळंत बसू द्या. पाळीपाळीनं."

"माझ्या पोरावर पहारा?"

"सगळ्यांच्याच. माझा नातू बी हाय तिथं. त्याच्यावर तर माझा लय शक हाय."

आबासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पहिली पाळी माझी."

महालिंगनं लिंग धुतलं, भस्म लावलं, गळ्यात बांधलं आणि बन्सीधरच्याच परातीतला गूळ उचलला. मल्लम्मानं म्हशींचं नाव पुन्हा काढलं नाही.

पुढं बाकीच्या पंचांच्या पाळ्या चुकायला लागल्या. कुणाची पेरणी, कुणाचं पाहुणपण. सिद्रामप्पा मात्र स्वतःची पाळी करून त्यांच्याही पाळीला येऊन बसत. काही वर्षांनी नव्या कंपनीचं बोलावणं आलं, तेव्हा मी त्यांचा निरोप घ्यायला भर सुट्टीत शाळेत गेलो. म्हणालो, "अप्पा, आता तर सगळं शांत आहे. कशाला उन्हात बसता?"

त्यानंतर आमची भेट झाली नाही. माझ्याशी ते शेवटचं बोलले ते इतकंच, आणि तेही माझ्याकडे न बघता:

"हळू बोला. त्या कोपऱ्यातली पोरं मघापासून लय गोड बोलायलीत."