पहिलवानबाईंचा नवा हात

मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही म्हण कुणीतरी पहिलवानबाईंकडे बघूनच केली असावी. बाई इतक्या बुटक्या की मालिश केंद्रात त्यांचं टेबल सगळ्यांत खाली उतरवलेलं असायचं. केंद्र किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावर होतं. तीन खोल्या, एक काउंटर, आणि मधल्या खोलीतून दिवसभर आडदांड माणसांचं "आई गं!" ऐकू यायचं. खालचा किल्लीवाला नव्या गिऱ्हाइकांना धीर द्यायचा, "घाबरू नका, वर कुणाला मारत नाहीयेत. वर पहिलवान आहेत."

त्यांची सगळी विद्या उजव्या अंगठ्यात होती. अंगठा पाठीवरून फिरत जायचा, गाठ लागली की थांबायचा आणि मग सावकाश आत शिरायचा. माणूस ओरडायचा, शिव्या गिळायचा आणि उठल्यावर खांदे फिरवून बघत हसायचा. घरी नवरा मात्र या विद्येच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर वाकून काम. पण संध्याकाळी बाईंनी नुसतं "पाठ दुखतेय का?" असं विचारलं तरी ताठ बसून म्हणायचा, "छे! मला कुठली पाठ?"

तर असा हा अंगठा एका वर्षी कुरकुरायला लागला. आधी डब्याचं झाकण उघडेना, मग शर्टाचं बटण लागेना. डॉक्टरांनी फोटो काढला, सांध्याची झीज दाखवली आणि सांगितलं की या अंगठ्याने आता दाबायचं नाही, नाहीतर पुढे पाण्याचा पेला उचलणंही कठीण होईल. बाई "बरं" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या दाबायला उभ्या राहिल्या. त्या दिवशी "आई गं!" टेबलावरून आलं नाही, टेबलाच्या शेजारून आलं. टेबलावरचा माणूसच घाबरून उठून बसला.

मालकीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. "माझ्या डोळ्यांदेखत तुला हात मोडून घेऊ देणार नाही. दाबावं लागणार नाही असा मालिशचा एखादा प्रकार निवड, शीक. गिऱ्हाइकं टिकली तर टेबल तुझंच. नाही टिकली तर काउंटरवर बस. मान देऊन बसवीन."

मान देऊन बसवा नाहीतर पाट देऊन, बाईंना बसायचंच नव्हतं. काउंटर म्हणजे खुर्ची, फोन आणि "जरा थांबा हं, बोलावते". आयुष्यभर त्यांनी माणसं पाठीवरून ओळखली होती. रस्त्यात पुढे चालणाऱ्याचे खांदे बघून, हा हल्ली नीट झोपत नाही, हे त्यांना कळायचं. काउंटरवर नुसते चेहरे येणार. "चेहऱ्यावरून मला काहीच कळत नाही हो," त्या रात्री जेवताना नवऱ्याला म्हणाल्या, आणि त्यांना रडूच फुटलं. नवऱ्याने बायकोला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्याने हातातला घास खाली ठेवला.

"मग पाठीच बघत राहा," तो म्हणाला. "पण प्रकार निवडताना स्वतः आडवी पडून बघ. लिफ्ट बरोबर चालते की नाही ते आत बसल्याशिवाय कळत नाही."

सुट्टीच्या दिवशी बाई दुसरीकडे मालिश करून घ्यायला निघाल्या. पहिला प्रकार तेलाचा. सगळा हात कोपरापासून टेकवायचा आणि कमरेपासून मानेपर्यंत लांब, सरळ फिरवायचा. अंगठ्याला काम नाही. खोली छान, दिवा मंद, मालिश करणारी मुलगी गोड. बाई खूश होऊन पालथ्या पडल्या. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. थोड्या वेळाने त्या टेबलाला तोंडासाठी ठेवलेल्या भोकातूनच म्हणाल्या, "मनगट वाकवू नकोस बाळ, दुखेल पुढे." मग, "वजन मागच्या पायावर घे." मग, "थांब, दाखवतेच तुला." शेवटी मुलगी टेबलावर आणि बाई कोपरापर्यंत तेलात.

"कशी झाली मालिश?" घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं.

"छान झाली. तिची."

वर अंगठा सुजला तो सुजलाच, कारण दाखवता दाखवता तो मध्ये घुसल्याशिवाय राहिला नव्हता. तेल लागलं की या हाताला जुनी वाट आठवते, हे बाईंना कळून चुकलं. तो प्रकार बाद.

दुसरा प्रकार ताणायचा. अंगावरच्या कपड्यांनिशी सतरंजीवर झोपायचं आणि समोरच्याने आपले हातपाय ओढायचे, वळवायचे, पाठीला गुडघा लावायचा. इथला मालिशवाला दाराएवढा उंच आणि अबोल होता. त्याने पाय उचलायला हात पुढे केला, तर बाईंनी पाय आधीच उचललेला. तो कुशीवर वळवायला गेला, तर बाई वळून मोकळ्या.

"बाई, हे मी करायचं असतं."

"हो, हो. करा ना."

आणि पुन्हा तेच. दारात समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच बाजूला सरकत राहतात, तसं त्यांचं चाललं. शेवटी तो सतरंजीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "तुमचा व्यायाम मात्र चांगला झाला." शिवाय त्याच्यासारख्या उंच माणसाचा पाय बाईंनी खांद्यावर घेतला असता, तर अर्धा पाय जमिनीवरच राहिला असता. हाही प्रकार बाद.

उरला हलक्या हाताचा प्रकार, आणि तिथे बाई भांडायच्या तयारीनेच गेल्या. दाबायचं नाही, चोळायचं नाही, हात नुसता ठेवायचा! "हात काय, भिंतीवरही ठेवता येतो," असं त्या नवऱ्याला सांगून निघाल्या होत्या. एका साध्या घराची मागची खोली होती. पांढऱ्या केसांच्या बाईने त्यांना उताणं झोपवलं, उशाशी बसून दोन्ही तळवे डोक्याखाली घातले आणि ती गप्प बसली.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "डोकं माझ्या हातात द्या."

"दिलंय की."

"नाही दिलं. अजून तुम्हीच धरून ठेवलंय. याच कामातल्या आहात ना?"

"कशावरून?"

"दुसऱ्यांचं ओझं उचलणाऱ्यांना स्वतःचं टाकता येत नाही. माझंही तसंच होतं."

सोनारानेच कान टोचावे लागतात म्हणतात, ते खोटं नाही. हेच डॉक्टर म्हणाले असते तर बाईंनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं असतं. आता त्या गप्प पडून राहिल्या. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. झाडण्याचा आवाज थांबला, आणि मानेतलं काहीतरी आपोआप सुटलं. डोकं त्या परक्या हातांत गेलं. इतक्या वर्षांत आपलं डोकं कुणी असं धरलं नव्हतं, हे बाईंना त्या क्षणी समजलं. त्यांना बरं वाटलं, रागही आला, आणि दोन्ही पुरतं वाटून व्हायच्या आत त्या घोरायला लागल्या.

प्रकार ठरला. बाई त्याच घरी जाऊन तो शिकल्या. नवरा सरावाला स्वतःहून आडवा पडायला लागला. त्याला अचानक पाठ फुटली होती.

केंद्रातल्या पहिल्या परीक्षेला मात्र बेकरीवाले आले. त्यांच्या बेकरीत यंत्र आलं होतं, तरी पीठ ते स्वतःच मळायचे. खांदे पोत्यासारखे. पहिलवानबाईंचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक, आणि इतर अनेकांना त्यांनीच इथे धाडलेलं. बाईंनी त्यांच्या डोक्याखाली हात घातले.

"सुरू झालं का?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

"झालं."

थोड्या वेळाने, "पहिलवान, एका हाताने फोन तर बघत नाहीस ना?"

वेळ संपल्यावर ते उठून बसले आणि बूट घालत म्हणाले, "तुझ्याशी खोटं बोलवत नाही. मला काहीच झालं नाही. दुखल्याशिवाय मला पोचतच नाही."

पुढच्या आठवड्यात ते शेजारच्या खोलीत, नव्या मालिशवाल्याकडे गेले. भिंतीपलीकडून त्यांचं "आई गं!" ऐकू आलं, तेव्हा बाईंना अंगठ्यापेक्षा जास्त दुखलं. त्यांच्यामागून आणखी काहीजण गेले. मालकीणबाईंनी काउंटरच्या खुर्चीवर नवी गादी बसवून घेतली. बाईंनी ती गादी पाहिली.

आणि मग एका भर दुपारी बेकरीवाले पुन्हा मधल्या खोलीच्या दारात उभे राहिले. मागे त्यांची बायको होती, सडपातळ, शाल घट्ट धरून. बायकोला खुर्चीवर बसवून ते बाईंना दाराबाहेर घेऊन गेले.

"तिचं मोठं ऑपरेशन झालं. आता बरी आहे. पण तेव्हापासून सगळे तिला जपून असतात. कुणी जवळसुद्धा घेत नाही, दुखेल म्हणून. मीही नाही." त्यांनी आपले हात पुढे केले. पंजे फावड्याएवढे, नखांच्या कडेला पीठ. "हे असले हात. मला भीतीच वाटते गं. मग तुझा तो प्रकार आठवला. मला तो आवडला नाही, पण त्यात दुखत नाही, एवढं मला कळलं होतं."

बाई आत आल्या. "कुठे दुखतं, वहिनी?"

"कुठेच नाही," ती म्हणाली. "सगळे हेच विचारतात. दुखत नाही हो. नुसतं कुणीतरी धरावं, असं वाटतं."

पहिलवानबाईंनी तिला झोपवलं, उशाशी बसून तळवे डोक्याखाली घातले. वहिनींनी डोकं लगेच देऊन टाकलं, अगदी सगळं. कधीपासून देण्यासाठी घेऊनच बसल्या होत्या जणू.

बऱ्याच वेळाने बाईंनी हळूच विचारलं, "आता मी उठते. दुसरे हात चालतील का?"

"हूं," वहिनी डोळे मिटूनच म्हणाल्या.

बाईंनी दार उघडून बेकरीवाल्यांना खुणेने आत बोलावलं. ते मान हलवून नको नको म्हणत होते. बाईंनी त्यांना दंडाला धरून स्टुलावर बसवलं, त्यांचे पंजे उताणे केले आणि आपल्या हातांच्या जागी सरकवले. तो एवढा मोठा माणूस श्वास रोखून बसला. "दाबायचं नाही, उचलायचं नाही," बाई कानात म्हणाल्या. "नुसतं असू द्यायचं."

मालकीणबाई काहीतरी विचारायला दारात आल्या. टेबलावर एकजण, स्टुलावर एकजण, आणि पहिलवानबाई हात बांधून भिंतीशी उभ्या. मालकीणबाई डोळे पुसत हलकेच म्हणाल्या, "काउंटरला मी दुसरं कुणीतरी बघते." आणि दार ओढून घेतलं.

बेकरीवाल्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण हात हलला नव्हता.

"बेकरी उघडी टाकून आलात ना?" डोळे न उघडता वहिनींनी विचारलं.

"हो," ते कसेबसे म्हणाले. "बंद करून येऊ का?"

"राहू दे उघडी."