एप्रिलमधला धबधबा

बंगळूरच्या सरकारी कारखान्यातले विजेचे इंजिनिअर खांबेटे म्हणजे चालतंबोलतं माहितीपत्रक. लेक प्रतिमाला बघायला पुण्याहून आलेल्या मंडळींवर छाप पाडायला त्यांनी रविवारी टॅक्सी करून सगळ्यांना शिवसमुद्रमचा धबधबा बघायला नेलं. तेही ऐन एप्रिलात! कड्यावरून गळक्या नळाएवढं पाणी.

"त्याचं असं आहे," खांबेटे घसा खाकरून म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी वीजघराकडे वळवतात. आमचा कारखाना त्यावरच चालतो!"

"म्हणजे पाणी तुम्हीच पळवलंत, अन् आम्हाला दगड बघायला आणलंत?" मुलाची आई कडाडली.

लग्न मोडलं, या तोरेबाज सासूपासून सुटले, असं प्रतिमाला वाटतंय तोच नवरामुलगा डोळे चमकवत पुढे सरकला. "टर्बाइनं किती हो, काका?"

दोघे तासभर काठीनं मातीत आकृत्या काढत बसले. खांबेट्यांना जावई मिळाला. प्रतिमाला मात्र बाबांचीच दुसरी आवृत्ती.